तीस वर्षांचा पाऊस एका ॲरेत भरायचा तर लूपच्या आधी काय ठरवायचं

प्रश्न बराच लांब आहे, म्हणून आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही कळेल. हवामान खात्याचा रोजचा ग्रिड पाऊस आहे, म्हणजे देशावर पाव अंशाची जाळी टाकून प्रत्येक बिंदूला एक आकडा, दिवसाचा नकाशा १२९ रांगा बाय १३५ स्तंभांचा, वर्षाला एक बायनरी फाईल. १९९१ ते २०२० असा ३० वर्षांचा सगळा डेटा एका ॲरेत हवाय, पुढे त्यातून जून ते सप्टेंबरची सरासरी काढायची आहे. पायथनमध्ये एकेक दिवस वाचणारा लूप लिहिलाय आणि प्रत्येक फेरीत नमपायचं (पायथनची आकड्यांच्या ॲरेंची लायब्ररी) अपेंड. तर शेप म्हणून, म्हणजे कुठल्या मितीत किती जागा ते, एकच लांबलचक आकडा आला. मग कुणीतरी व्हीस्टॅक सांगितलं, तर वर्षाचं ४७०८५ बाय १३५ असं काहीतरी आलं. मग वैतागून लिस्टमध्ये लिस्ट करून पाहिली तर सगळ्या ओळींत एकच पाऊस. आणि हे फक्त एका वर्षाचं झालं, तीस वर्षांना लावलं की लॅपटॉप आधी हळू होतो आणि मग हँग. शेवटी विचारलंय की लूपमध्ये थ्रीडी ॲरे वाढवायची बरोबर पद्धत कुठली.

माझं उत्तर असं की वाढवायचाच नाही. नमपायचा ॲरे वाढत नाही, वाढल्यासारखा दिसतो फक्त. तुमचा खरा प्रश्न अपेंड की व्हीस्टॅक की स्टॅक हा नाहीये, लूप सुरू व्हायच्या आधी तुम्हाला शेवटचा शेप माहीत आहे का, हा आहे. आणि तुमच्या केसमध्ये तो माहीत आहे, शेवटच्या आकड्यापर्यंत. तरी लोक तो ठरवत नाहीत, लूप संपल्यावर जे येईल ते बघू म्हणतात. मी पाणलोट आणि धरणांच्या आवकेच्या कामात हाच डेटा वर्षानुवर्षे वापरतेय, आणि माझ्याकडे येणाऱ्या पोरांच्या कोडमध्ये मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधते, की लूपच्या वर शेप लिहिलाय का. नसेल तर खालचं मी वाचतही नाही, आधी तो लिहून आण म्हणते.

आता तुमच्या तिन्ही प्रयत्नांत नेमकं काय झालं ते बघू, कारण त्यातलं एकही गूढ नाही.

पहिला, अपेंड. अक्सिस, म्हणजे कुठल्या मितीत जोडायचं ते, दिला नाही तर अपेंड दोन्ही बाजूंचं सगळं सपाट करून एका रांगेत लावतं, म्हणून ३६५ दिवस गुणिले १२९ गुणिले १३५, म्हणजे ६३५६४७५ असा एकच आकडा तुम्हाला दिसला. वर आणखी एक गोष्ट गपचूप झाली. तुम्ही सुरुवात रिकाम्या ॲरेने केलीत, आणि रिकामा ॲरे नमपायमध्ये फ्लोट६४ असतो, म्हणजे एका आकड्याला आठ बाइट. फाईलमधले आकडे फ्लोट३२, चार बाइटचे. दोघं जोडले की मोठा टाइप जिंकतो, म्हणजे पहिल्याच फेरीत तुमच्या डेटाचं वजन दुप्पट झालं आणि कुणी काही बोललं नाही.

दुसरा, व्हीस्टॅक. ते एका दिवसाच्या १२९ ओळींखाली दुसऱ्या दिवसाच्या १२९ ओळी लावतं, नवीन मिती तयार करत नाही. १२९ गुणिले ३६५ किती? ४७०८५. म्हणजे तुमचा आकडा विचित्र नव्हता, वर्षभराचे नकाशे एकाखाली एक चिकटवलेले होते. आणि खरं सांगायचं तर हा डेटा बिघडलेलाही नाही, त्याला ३६५, १२९, १३५ असं रीशेप केलं, म्हणजे तेच आकडे त्याच क्रमाने नव्या मितींत मांडले, की बरोबर थ्रीडी होतो, कारण क्रम तोच आहे. सपाट झालेल्याचंही तेच. नवीन मिती हवी असेल तर स्टॅक नावाचं वेगळं फंक्शन आहे, पण त्याला सगळे दिवस एकदम द्यायचे असतात, फेरीफेरीत नाही.

तिसरा, लिस्टमधली लिस्ट. तुम्ही १३५ शून्यांची एक ओळ केलीत आणि तिला १२९ ने गुणलंत. पायथनने १२९ ओळी केल्या नाहीत, एकाच ओळीकडे बोट दाखवणाऱ्या १२९ जागा केल्या. एकीत लिहिलं की सगळीकडे दिसतं, कारण सगळीकडे तीच आहे. आतली ओळ दरवेळी नव्याने बनवायची असेल तर लिस्ट कॉम्प्रिहेन्शन वापरायचं. पण या कामात तो रस्ता धरूच नका, इतक्या आकड्यांसाठी पायथनच्या लिस्टा हे हत्यारच नाही.

आता हळू का होतं ते. ॲरे म्हणजे मेमरीतला एक सलग पट्टा, त्याची लांबी जन्माच्या वेळी ठरते. त्याला एक दिवस जोडायचा म्हणजे नमपाय एका दिवसाने मोठा नवा पट्टा मागतं, जुनं सगळं त्यात कॉपी करतं, शेवटी नवा दिवस टाकतं आणि जुना पट्टा सोडून देतं. घरात एक पाहुणा आला की सगळं बिऱ्हाड एका खोलीने मोठ्या घरात हलवायचं, दुसरा आला की पुन्हा हलवायचं, तसं. एका दिवसाचा नकाशा फ्लोट३२ मध्ये ६९६६० बाइट, काहीच नाही. वर्षभर असं केलं की दिवसांच्या मिळून ६६७९५ कॉपी होतात, साधारण ४.६५ जीबीची हलवाहलव, तेही चालून जातं म्हणून तुम्हाला एका वर्षाला फार कळलं नाही. पण ३० वर्षांचे दिवस होतात १०९५८, आणि बेरीज वर्गाने वाढते, म्हणजे कॉपी सहा कोटींच्या वर आणि हलवलेला डेटा जवळपास ४.१८ टीबी. मूळ डेटा किती? ७६३ एमबी. म्हणजे पाऊण जीबी भरायला चार टीबी उचलून ठेवायचे, आणि तुमच्या अपेंडवाल्या कोडमध्ये तर फ्लोट६४ झाल्यामुळे याच्याही दुप्पट. शिवाय शेवटच्या फेऱ्यांत जुना आणि नवा दोन्ही पट्टे एकाच वेळी मेमरीत असतात, प्रत्येकी दीड जीबी, वर ब्राउझर उघडा, मग लॅपटॉप बिचारा काय करणार.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, की लूपमध्ये अपेंड म्हणजे पाप असं जे सगळीकडे ओरडून सांगतात ते सरसकट खरं नाही. तुम्ही दिवसाऐवजी वर्षावर लूप फिरवला असता, म्हणजे वर्षाची फाईल एकदम वाचून तीस वेळा जोडली असती, तर एकूण हलवाहलव १२ जीबीच्या आत राहते, काही सेकंदांचं काम. कोड दिसायला वाईट पण चालला असता. फेऱ्या किती आणि प्रत्येक फेरीला केवढा माल, यावर आहे सगळं. दहा-वीस फेऱ्यांसाठी मी कुणाच्या डोक्याशी भांडत नाही.

आणि तुमच्या फाईलला दिवसाचा लूप मुळात लागतच नाही. त्या फाईलमध्ये हेडर वगैरे काही नाही, नुसते फ्लोट३२ आकडे ओळीने ठेवलेत: पहिला दिवस, त्यात सर्वात दक्षिणेची रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे १३५ आकडे, मग तिच्या वरची रांग, अशा १२९ रांगा, मग दुसरा दिवस. रेखांश ६६.५ ते १००, अक्षांश ६.५ ते ३८.५. फ्रॉमफाईलने अख्खी फाईल एका दमात उचलायची आणि रीशेप करायची, पहिल्या जागी उणे एक टाकलं की दिवस किती ते नमपाय स्वतः मोजतं. ३६५ दिवसांची फाईल बरोबर २५४२५९०० बाइटची असते आणि लीप वर्षाची २५४९५५६० ची. डाउनलोड झाल्यावर मी सगळ्यात आधी हा आकार तपासते, कारण अर्धवट उतरलेली फाईल किंवा फाईलच्या नावाने सेव्ह झालेलं एरर पेज हे दोन प्रकार नेहमीचे आहेत आणि दोन्ही इथेच पकडले जातात.

आता शेप. सरासरी फक्त जून ते सप्टेंबरची काढायचीय ना? मग ते १२२ दिवस, दर वर्षी १२२ च, लीप असो नसो. याचा फायदा लक्षात घ्या. वर्ष, दिवस, अक्षांश, रेखांश असा चार मितींचा ॲरे करता येतो, ३०, १२२, १२९, १३५, आणि त्यात कुठेही ३६५ की ३६६ असा वाद येत नाही. आकार होतो २५५ एमबी. अख्खं वर्ष घेतलंत तर चार मिती नीट बसत नाहीत, एक तर २९ फेब्रुवारी टाकून द्यावा लागतो किंवा ३६६ जागा ठेवून साध्या वर्षांची एक रिकामी सोडावी लागते. ज्यांना पूर्ण वर्ष हवंय त्यांनी चार मितींचा हट्ट सोडावा आणि १०९५८ दिवसांची एकच लांब मिती ठेवून बरोबर तारखांची वेगळी यादी बाळगावी. कुठलं बरोबर हे तुम्ही पुढे काय काढणार त्यावर आहे. तुमच्या कामाला चार मितीच सोयीच्या.

कोडचा सांगाडा असा, नावं देवनागरीत लिहितेय पण तुमच्या फाईलमध्ये नेहमीसारखी टाइप करा:

सगळं = एनपी.फुल((३०, १२२, १२९, १३५), एनपी.नॅन, डीटाइप=एनपी.फ्लोट३२)
फॉर क्र, वर्ष इन एन्युमरेट(रेंज(१९९१, २०२१)):
    कच्चा = एनपी.फ्रॉमफाईल(फाईलचं_नाव(वर्ष), डीटाइप='<एफ४')
    दिवस = कच्चा.रीशेप(-१, १२९, १३५)
    सुरुवात = १५२ इफ लीप(वर्ष) एल्स १५१
    सगळं[क्र] = दिवस[सुरुवात : सुरुवात + १२२]
सगळं[सगळं == -९९९] = एनपी.नॅन

एवढंच. मेमरी एकदा मागितली, तीस वेळा आत लिहिलं, कॉपी कुठेच साठत गेली नाही. १५१ आणि १५२ कुठून आले तर १ जून हा साध्या वर्षाचा १५२ वा दिवस आणि मोजणी शून्यापासून, लीपमध्ये एक पुढे. हा एक दिवसाचा घोळ सरासरीत दिसतही नाही, पण मान्सून कधी आला, पहिला मोठा पाऊस कधी पडला असं काही काढायला लागलात की दर चौथं वर्ष एक दिवसाने सरकलेलं निघतं.

आता ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते. पहिल्या ओळीत मी झीरोज वापरलं नाही, एम्प्टी पण नाही, फुल वापरून नॅन भरलं, म्हणजे 'इथे आकडाच नाही' अशी खूण. वेगाच्या प्रश्नावर सगळे तावातावाने लिहितात, पण आधी भरून ठेवलेल्या ॲरेचा खरा धोका हा आहे की तुम्ही जे भरायचं विसरलात ते आत तसंच बसून राहतं. तुमच्या कोडमध्ये मला ट्राय आणि एक्सेप्ट दिसलं, फाईल मिळाली नाही तर पुढच्या वर्षाला जायचं असं. समजा २००५ ची फाईल उतरलीच नाही. झीरोजने सुरुवात केली असती तर २००५ चा अख्खा पावसाळा, अख्ख्या देशात, शून्य मिलिमीटर. कुठेही एरर नाही, शेप बरोबर, नकाशा पण छान येईल, फक्त सरासरी प्रत्येक ठिकाणी तीसातल्या एका वर्षाने खाली. हे कुणाच्या डोळ्यांना दिसेल का? नाही. इतर डेटात शून्य म्हणजे काहीच नाही असं चालून जातं, पावसात शून्य हे खरं मोजमाप आहे, माणदेशात जुलैमध्येही ते ढीगभर दिवस खरंच असतं. त्यामुळे इथे शून्य ही रिकामी जागा मानायचीच नाही. एम्प्टीचं तर बोलूच नको, ते मेमरीत आधी जे काही पडलं होतं तेच तुमच्या हातात देतं, कधी शून्य, कधी भलतेच आकडे, आणि दोन वेळा चालवलं तर दोन वेगळी उत्तरं.

नॅन भरलेलं असेल तर साधी सरासरी काढल्याबरोबर सगळीकडे नॅन येतं आणि माणूस शोधायला लागतो की असं का. मला हेच हवं असतं. चूक झाली तर तिने आरडाओरडा करावा.

त्याच कारणाने शेवटची ओळ. हवामान खात्याच्या या फाईलमध्ये समुद्र आणि देशाबाहेरचे चौकोन उणे ९९९ ने भरलेले असतात. ते काढले नाहीत तर किनाऱ्यावरच्या, म्हणजे आपल्या कोकणाच्या, जिल्ह्यांची सरासरी काढताना शेजारचे समुद्राचे चौकोन आत येतात आणि रत्नागिरीला पाऊस उणे निघतो. उणे निघाला तर नशीब, कारण मग कळतं. कधी थोडेच चौकोन आत येतात आणि उत्तर फक्त कमी निघतं, तेव्हा कळत नाही.

यावर उपाय म्हणून लोक नॅनमीन आणि नॅनसम, म्हणजे नॅन वगळून सरासरी आणि बेरीज काढणारी फंक्शनं, वापरतात, बरोबर आहे, पण नॅनसमची एक खोड माहीत असू द्या: सगळेच नॅन असतील तर ते शून्य देतं. म्हणजे इतक्या काळजीने शून्य बाहेर ठेवलं आणि शेवटच्या ओळीत ते मागच्या दाराने आत आलं, अरबी समुद्रात हंगामाचा पाऊस शून्य. नॅनमीन अशा ठिकाणी नॅनच ठेवतं आणि वॉर्निंग देतं. हंगामाची बेरीज हवी असेल तर मी या डेटावर साधं सम वापरते, जिथे एक जरी दिवस गायब असेल तिथे उत्तर नॅन येऊ दे, मग मी ठरवीन काय करायचं ते. पण तीस वर्षांची सरासरी काढताना एखादं वर्ष खरंच नसेल तर नॅनमीन, आणि कुठे किती वर्षं मोजली गेली त्याचा वेगळा नकाशा.

आधी शेप ठरवल्याचा दुसरा फायदा असा की चुकीचा माल आत शिरत नाही. १२२ च्या जागी १२१ दिवस आले तर ब्रॉडकास्ट होत नाही, म्हणजे तो तुकडा त्या जागेत ताणून बसवता येत नाही, म्हणून नमपाय तिथेच थांबतं. अपेंडने ते मुकाट्याने जोडून घेतलं असतं आणि शेवटी एकूण दिवसांत एक कमी निघाला असता, कुठल्या वर्षात ते शोधत बसा. मात्र यालाही एक भोक आहे. डावीकडे १२२ दिवसांची जागा आणि उजवीकडे चुकून एकच दिवसाचा नकाशा, १२९ बाय १३५, दिलात तर नमपाय तोच दिवस १२२ वेळा भरून टाकतं आणि हूं की चूं करत नाही. ब्रॉडकास्टिंगचा हा नियमच आहे. म्हणून उजव्या बाजूच्या तुकड्याचा शेप १२२, १२९, १३५ आहे का हे मी एका असर्टने, म्हणजे अट खोटी निघाली तर कोड थांबवणाऱ्या ओळीने, तपासते, एक ओळ जास्त जाते, जाऊ दे.

आणि एक गोष्ट असर्टही पकडू शकत नाही. वरचा शेप, रीशेप आणि असर्ट, सगळीकडेच १२९ आणि १३५ ची अदलाबदल झाली तर गुणाकार तोच राहतो, एरर येत नाही, फक्त प्रत्येक रांग सहा आकड्यांनी सरकत जाते आणि भारताचा नकाशा तिरका फाटल्यासारखा दिसतो. म्हणून पहिलं वर्ष भरल्यावर एकदा चित्र काढून बघा. चित्र उलटं दिसलं, कन्याकुमारी वर आणि काश्मीर खाली, तर घाबरू नका, ते बरोबर आहे, शून्यावी रांग दक्षिणेची आहे आणि चित्र काढणारं इमशो शून्यावी रांग वर काढतं. ओरिजिन लोअर दिलं की सरळ होतं. ते चित्र सुंदर दिसावं म्हणून ॲरेच उलटा करू नका, पुढे अक्षांशाची यादी एकीकडे आणि डेटा एकीकडे होतो.

चित्रापेक्षा माझा भरवसा दोन चौकोनांवर जास्त आहे. महाबळेश्वरच्या जवळचा ग्रिड बिंदू १८ अक्षांश, ७३.७५ रेखांश, म्हणजे रांग ४६, स्तंभ २९. दहिवडीच्या जवळचा १७.७५ आणि ७४.५, रांग ४५, स्तंभ ३२. दोन्ही सातारा जिल्ह्यात, ग्रिडवर तीन घरांचं अंतर, आणि पावसात जमीन-अस्मानाचा फरक. हंगामाची सरासरी काढल्यावर पहिला आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट आला नाही तर काहीतरी उलटंपालटं झालंय असं समजा. अक्षांश-रेखांश उलटे टाकून रांग २९, स्तंभ ४६ मागितलंत तर तुम्ही महाबळेश्वर सोडून कर्नाटक-आंध्रच्या सीमेवर पोचता, तिथे जुलै कोरडाच. तुमच्या ओळखीचा मुलूख घ्या, विदर्भ असेल तर विदर्भ, पण दोन ठिकाणं अशी निवडा की ज्यांचं उत्तर तुम्हाला कोडशिवाय माहीत आहे.

आता हे सगळं शेप आधी माहीत असेल तर. नसेल तर? समजा तुम्हाला फक्त जोरदार पावसाचे दिवस हवेत, हवामान खात्याच्या भाषेत ६४.५ मिलिमीटर आणि वर, एखाद्या तालुक्यावर जिथे तसा पाऊस झाला तेवढ्याच दिवसांचे नकाशे. असे किती निघतील हे आधी कुणाला माहीत? इथे पायथनची लिस्ट हेच बरोबर हत्यार. लिस्टचं अपेंड आणि नमपायचं अपेंड, नाव एक पण जात वेगळी. लिस्ट आपल्यापुढे थोडी जागा जादा धरून ठेवते आणि वाढायची वेळ आलीच तर तिला फक्त आठ-आठ बाइटचे पत्ते हलवायचे असतात, नकाशे जागचे हलत नाहीत. लूप संपल्यावर स्टॅक एकदाच, तिथे एकदाच कॉपी. त्या क्षणी लिस्ट आणि ॲरे दोन्ही मेमरीत असतात, म्हणजे दुप्पट, तेवढं ध्यानात ठेवा. लिस्ट रिकामी राहिली, एकही दिवस सापडला नाही, तर स्टॅक एरर देतं, ते आधी बघून घ्या.

या पद्धतीतले दोन सापळे सांगते. एक, लूपच्या बाहेर एकच बफर बनवून दर फेरीत त्यातच नवा दिवस वाचायचा आणि लिस्टमध्ये टाकायचा, असं केलंत तर शेवटी लिस्टमध्ये एकच दिवस शंभर वेळा असतो. तुमच्या लिस्टमधल्या लिस्टवाला आजार, दुसऱ्या कपड्यात. दुसरा जास्त छुपा. वर्षाच्या ॲरेतून एक दिवस काढला की तो स्वतंत्र नसतो, मूळ ॲरेवर उघडलेली खिडकी असते. वर्षातले पाचच दिवस लिस्टमध्ये ठेवलेत तरी त्या पाच खिडक्यांसाठी २५ एमबीचं अख्खं वर्ष मेमरीत अडकून पडतं. तीस वर्षांचं सगळंच अडकलं, आणि तुम्ही विचार करताय की दीडशे नकाशांना पाऊण जीबी कशाला लागतेय. लिस्टमध्ये टाकताना दिवसाला कॉपी लावा, दोन्ही सापळे एकाच शब्दात मिटतात.

आणि एक, लिस्टमधल्या तुकड्यांचे शेप सारखे नसतील, एक ३६५ चा एक ३६६ चा, तर त्याचा सरळ ॲरे करायला जाऊ नका. जुनं नमपाय त्याचा ऑब्जेक्ट टाइपचा विचित्र ॲरे करून द्यायचं आणि गाडी पुढे जायची, १.२४ पासून ते व्हॅल्यूएरर देतं. जुन्या उत्तरांत जे चालायचं ते आता चालत नाही असं दिसलं तर कारण बऱ्याचदा हेच. अशा वेळी कॉन्कटनेट वापरा, दिवसाच्या अक्सिसवर, त्याला लांबी वेगळी चालते, बाकीच्या मिती सारख्या लागतात.

खाली एकाने विचारलंय की १९०१ पासूनचा सगळा घ्यायचा तर. हा डेटा तेव्हापासूनचा आहे खरा. १९०१ ते २०२० चे दिवस ४३८३०, फ्लोट३२ मध्ये ३.०५ जीबी. १६ जीबीच्या मशीनवर वर सांगितलेली पद्धतच चालते, फ्लोट६४ होऊ देऊ नका एवढंच. कमी मेमरी असेल तर नमपायचं ओपन मेममॅप आहे, ॲरे डिस्कवरच्या फाईलमध्ये राहतो आणि तुम्ही नेहमीसारखं चौकटी कंसात लिहीत जाता. फक्त ती नवी फाईल शून्यांनी भरलेली येते, म्हणजे परत तोच खोटा दुष्काळ, आधी तुकड्यातुकड्याने नॅन भरून घ्या. पण त्याहीआधी स्वतःला विचारा की सगळे दिवस एकत्र हवेतच कशाला. नुसती सरासरी काढायची तर १२९ बाय १३५ चा एक बेरजेचा ॲरे आणि एक मोजणीचा ॲरे पुरतो, फ्लोट६४ मध्ये ठेवा, वर्ष वाचा, भर घाला, सोडून द्या, मेमरीत एका वेळी एकच वर्ष. टक्केवारीचे उंबरठे किंवा मधला आकडा काढायचा असेल तेव्हाच सगळे दिवस समोर लागतात. प्रश्नकर्त्याचं पुढचं काम वाचून मला वाटतं त्यांना नंतर ९५ टक्क्यांचा उंबरठाही लागणार, म्हणून मी चार मितींवरच थांबले.

एक्सअरे आणि आयएमडीलिबचं कुणीतरी सुचवलंय, दोन्ही चांगली आहेत. आयएमडीलिब ह्याच फाईल उतरवून वाचायला आहे आणि एक्सअरे मितींना नावं आणि तारखा देतं, मग १५१ की १५२ हा हिशेब तुमच्या डोक्यावर राहत नाही. रोजच्या कामाला मी पण एक्सअरेच उघडते. तरी पहिल्यांदा एकदा हाताने भरून बघा, उणे ९९९ कुठे जातं आणि गायब वर्ष कसं दिसतं हे आतून कळलं की मग लायब्ररीने दिलेल्या उत्तरावर कधी संशय घ्यायचा ते कळतं.

मॅटलॅबवाल्यांसाठी एक ओळ, कारण दोघांनी विचारलंय. तिथे शेवटच्या मितीत पुढचा नंबर लिहिला की ॲरे आपोआप वाढतो, एडिटर खाली नारिंगी रेघ मारून सांगतो की दर फेरीत आकार बदलतोय, आणि लोक ती रेघ वर्षानुवर्षे बघत बसतात. तिथेही आधी नॅन भरलेला सिंगल टाइपचा ॲरे करा, फक्त क्रम उलटा ठेवा, रेखांश पहिला, दिवस शेवटी, कारण मॅटलॅब मेमरीत स्तंभाने लिहितं आणि फाईलमध्ये रेखांश सगळ्यात भराभर बदलतो. पायथनमधला १२९, १३५ तिथे तसाच उचलून टाकलात तर वर सांगितलेला तिरका भारत दिसेल.